वाकलेले आणि मोडलेले

चार चाकांचे वाहन चालक खाली उतरल्यावरही आपल्या जागी उभे राहते. दोन चाकांच्या वाहनाचे तसे नाही. त्याला उभे राहण्यासाठी वेगाचा, स्वाराच्या पायाचा किंवा स्टँडचा आधार लागतो, आणि तो सुटला की ते आडवे होते. पावसाने ओला झालेला रस्ता, वळणावर सांडलेली वाळू, अचानक आडवे आलेले जनावर, किंवा घराच्या फाटकाशीच घसरलेला स्टँड, एवढे निमित्त त्यास पुरते. पडणे हा मोटारसायकलच्या आयुष्यातील एक अपेक्षित प्रसंग आहे, आणि म्हणूनच तिच्या शोधाच्या इतिहासाला समांतर असा तिच्या दुरुस्तीचाही एक इतिहास आहे. कारखान्यांच्या दप्तरांत तो फारसा सापडावयाचा नाही. घराच्या ओसरीवर, चाळीच्या जिन्याखाली आणि सरकारी वसाहतींच्या मागील अंगणांत, एक पाना, एक पक्कड व एक हातोडी एवढ्या सामग्रीवर तो घडला आहे.

या यंत्राचा जन्मच मुळी सायकलच्या कुळातला. जर्मनीत गोटलीप डाइमलर याने 1885 मध्ये पेट्रोलवर चालणारे जे पहिले दुचाकी वाहन बनविले, त्याचा सांगाडा लाकडी होता. 1894 मध्ये म्युनिक येथील हिल्डेब्रांट व वोल्फम्युलर यांनी मोटारसायकल या नावाने विक्रीसाठी वाहने तयार केली. पुढे इंग्लंडात व अमेरिकेत जे कारखाने या व्यवसायात उतरले, त्यांपैकी अनेकांचा मूळ धंदा सायकलींचा होता. इंग्लंडातील रेडिच या गावची रॉयल एनफील्ड कंपनी त्यांतलीच. तिची पहिली मोटारसायकल 1901 मध्ये बाहेर पडली. या वंशपरंपरेचा एक परिणाम फार दूरगामी ठरला. सायकलप्रमाणेच मोटारसायकलही पोलादी नळ्या, आरे, नट आणि बोल्ट यांची बनली. तिचे बहुतेक अवयव उघडे होते, हाताला लागत होते व साध्या पान्याने सुटे होत होते. ज्या कारागिराला सायकलच्या चाकाचा आउट काढता येत होता, त्याला मोटारसायकल अगदीच परकी वाटली नाही.

दुरुस्तीच्या या विद्येला शिस्त लावली ती महायुद्धांनी. पहिल्या महायुद्धात निरोप पोहोचविणाऱ्या सैनिकांच्या हाती मोटारसायकली आल्या. एकट्या ट्रायम्फ कंपनीने आपल्या एका नमुन्याच्या सुमारे 30,000 गाड्या सैन्यासाठी बनविल्या. चिखलात आणि खड्ड्यांत हे स्वार रोज पडत आणि रोज उठत. दुसऱ्या महायुद्धात तर रॉयल एनफील्डने 125 सी.सी.ची अशी एक हलकी गाडी केली, की जी विमानातून हवाई छत्रीने खाली सोडावयाची. तिच्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असे, आणि जमिनीवर आदळण्याचा मार त्या पिंजऱ्याने सोसावा अशी योजना होती. आज भारतात बहुतेक मोटारसायकलींना पुढच्या बाजूस जो लेग गार्ड दिसतो, त्यामागील विचारही हाच आहे. वाकावयाचेच असेल तर स्वस्त नळीने वाकावे आणि महाग इंजिन वाचावे.

सैन्याने आणखी एक गोष्ट रूढ केली. प्रत्येक बिघाडाला त्याची पायरी ठरवून दिली. काही कामे स्वाराने स्वतः जागेवर करावयाची, काही तुकडीबरोबरच्या कारागिरांनी, आणि उरलेली मागच्या कर्मशाळेत पाठवावयाची. ब्रिटिश सैन्यात या कामासाठी 1942 मध्ये स्वतंत्र दल उभे राहिले. भारतीय सैन्यातील त्याच प्रकारच्या दलाची स्थापना 1943 सालची. स्वाराला काय येते, एवढाच प्रश्न या वर्गवारीत नव्हता. कोणते काम त्याने हाती घेऊ नये, हेही तिने निश्चित केले. घरगुती दुरुस्तीचा सारा विवेक याच एका प्रश्नात साठविलेला आहे, हे पुढील इतिहासावरून ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात या विद्येला जी गरज निर्माण झाली, ती युद्धामुळे नव्हे, टंचाईमुळे. परकीय चलन तुटपुंजे होते आणि आयातीला परवाना लागे. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने असा कौल दिला, की ज्या कंपन्या नुसते परदेशी भाग जोडून मोटारी उभ्या करतात, त्यांनी टप्प्याटप्प्याने ते भाग देशातच निर्माण करावेत, अन्यथा व्यवसाय आवरता घ्यावा. जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी 1954 मध्ये भारतातील आपले काम थांबविले. दुचाकींच्या क्षेत्रातही हाच स्वदेशी निर्मितीचा प्रवाह सुरू झाला. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची मूळ कंपनी यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडियाचा उदय झाला, आणि मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. त्याच सुमारास मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा स्कूटरची जुळणी आरंभिली. 1960 नंतर पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजची व्हेस्पा, 1961 मध्ये म्हैसूरला आयडियल जावा, आणि पाठोपाठ एस्कॉर्ट्सची राजदूत अशी ही मालिका वाढत गेली.

परंतु कारखाना किती गाड्या काढील हे परवान्याने ठरत असे, आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. काही स्कूटरांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी हाती आली, की ती विकून नवी घेण्याचा विचार मध्यमवर्गीय माणूस सहसा करीत नसे. ती घरातील एक वडीलधारी वस्तू होऊन बसे आणि पुढच्या पिढीकडे जाई. अशा घरात गाडी पडली म्हणजे दोन चिंता एकदम उभ्या राहत. पहिली अर्थातच पडलेल्या माणसाची. दुसरी महिन्याच्या खर्चाची.

या दुसऱ्या चिंतेला कायद्यातून फारसा दिलासा नव्हता. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला तो तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता. त्याच्या जागी आलेल्या 1988 च्या कायद्यानेही तेच तत्त्व चालू ठेवले. रस्त्यावरील दुसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी, हा त्यामागील हेतू उदात्त व योग्यच होता. परंतु स्वतःच्या गाडीचे वाकलेले हँडल त्या विम्यात बसत नाही. त्यासाठी निराळा, जास्त हप्त्याचा विमा घ्यावा लागतो. तो घेतलेल्या मनुष्यालाही लहान नुकसानीचा दावा परवडेलच असे नसते. दावा न करता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर पुढील हप्त्यात 20 टक्के, आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. क्षुल्लक दुरुस्तीसाठी ती सूट घालविणे म्हणजे एका खिशातले काढून दुसऱ्यात ठेवणेच होय. म्हणून हिशेबी माणसाचा हात पुनः पान्याकडेच वळतो.

हा पाना नेमके काय करू शकत होता? मंद वेगाने एका अंगावर पडलेल्या गाडीचे नुकसान बहुधा ठरावीक जागी होते. हँडलचे टोक, क्लचची किंवा ब्रेकची मूठ, आरसा, पाय ठेवण्याची दांडी, मडगार्डची कड आणि टाकीची कूस. जुन्या गाड्यांत यांपैकी बरेचसे भाग साध्या पोलादाचे असत. साधे पोलाद थोडे वाकले तरी तुटत नाही, आणि बेताने उलट दाब दिला तर पूर्ववत होते. मडगार्डाची कड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून ठोकता येई. वाकलेल्या दांडीवर लांब नळी चढवून तिला हळूहळू मूळ जागी आणता येई. हातोडीचा घाव थेट पत्र्यावर न देता मध्ये लाकूड वा चामडे ठेवावे, कडेकडून मध्याकडे यावे आणि एका मोठ्या घावाऐवजी अनेक हलके घाव द्यावेत, हे शहाणपण मोटारसायकलच्या आधीपासूनचे आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी ज्या रीतीने मठारली जातात, तिच्याशी पत्रा सरळ करणाऱ्या मेस्त्रीच्या हाताचे नाते जवळचे आहे.

टाकीचा पोचा मात्र निराळ्या वर्गात मोडतो. तो दिसावयास सर्वांत वाईट व उपद्रवास सर्वांत कमी असतो. पोचा पडलेली टाकी पूर्वीइतक्याच निष्ठेने पेट्रोल पोहोचविते. ज्यांना तो खुपत असे, ते वरचा रंग खरवडून पुटी भरीत, पॉलिश पेपरने घासून सपाटी आणीत आणि डबीतील रंग लावीत. या कामात खरा लाभ सौंदर्याचा नव्हता. उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज चढू नये, हा होता. टाकी झिरपू लागली तर त्या जागी साबणाची वडी घासून घरापर्यंत पोहोचण्याचा उपाय भारतभर सर्वांना ठाऊक आहे, आणि तो तात्पुरता असतो हेही. परंतु टाकीला डाग देण्याचा वा वेल्डिंगचा विचार घरी कोणी करू नये, असा कारागिरांचा कडक दंडक आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक असते; कारण तिच्यात राहिलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक बनते आणि तिला एक ठिणगी पुरते.

क्लच आणि ब्रेक यांच्या मुठींची कथा पोलादाहून वेगळी आहे. त्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. ही धातू वाकते थोडी आणि मग अकस्मात तुटते. तापविताना ती लोखंडासारखी लाल होऊन इशाराही देत नाही. त्यासाठी कारागिरांनी एक युक्ती योजिली. मुठीवर कपडे धुण्याचा साबण घासावयाचा, मंद आचेवर ती धरावयाची, आणि साबण काळपट पडू लागला की आच काढून घ्यावयाची. तेवढ्या उष्णतेने धातू मऊ होते व सरळ करता येते. युक्ती चतुर आहे. परंतु जाणत्यांनी तिची मर्यादाही ओळखली. क्लचची मूठ तुटली तर गाडी फार तर रस्त्यात अडते. ब्रेकची मूठ तुटली तर ती थांबतच नाही. म्हणून सरळ केलेली मूठ क्लचला चालेल, ब्रेकला नवीच पाहिजे. कित्येक स्वार तर मुठीची पकड हँडलवर किंचित सैल ठेवीत, म्हणजे गाडी पडली असता मूठ न मोडता फिरून जाई. दुरुस्ती करावी लागू नये अशी तजवीज, हाही दुरुस्तीचाच भाग होय.

यापुढची पायरी म्हणजे पुढचा फोर्क, ज्याला सायकलच्या परिभाषेत चिमटा म्हणतात. गाडी पडल्यानंतर हँडल एकीकडे व चाक दुसरीकडे पाहू लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पुष्कळदा यात मोडलेले काहीच नसते. आवळलेल्या पकडींमध्ये फोर्कच्या नळ्या पिळल्या गेलेल्या असतात, एवढेच. पकडीचे बोल्ट ढिले करावेत, चाक गुडघ्यांत धरावे, हँडल समोर आणावे, फोर्क दोनचार वेळा दाबून सोडावा आणि बोल्ट पुन्हा आवळावेत. बिनखर्चाचे काम होऊन जाते. परंतु नळीच वाकली असेल तर? तिची परीक्षाही घरचीच आहे. नळी काढून काचेच्या सपाट तुकड्यावर लोळविली, की तिचा बाक प्रकाशाच्या फटीतून दिसतो. दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत, हे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लावून पुढे ताणलेल्या दोऱ्या सांगतात. परीक्षा घरची असली तरी उपाय मात्र घरचा नव्हे. वाकलेली नळी, फिरलेला सांगाडा किंवा तडकलेला जोड दिसला, की पाना खाली ठेवून यंत्रशाळेची वाट धरावी, असाच सूज्ञांचा प्रघात राहिला. सैन्याने कागदावर आखलेली सीमारेषा अनेक घरांनी अनुभवाने आखली.

या सर्व व्यवहाराला पूरक असा सुट्या भागांचा एक अनौपचारिक बाजारही देशभर उभा राहिला. दिल्लीचे करोलबाग, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, मद्रासचे पुदुपेट, मुंबईचा चोरबाजार व कुर्ला, ही नावे दुचाकीस्वारांना तीर्थक्षेत्रांइतकी परिचित झाली. बुलेटचा नमुना दशकानुदशके फारसा बदलला नाही, हे तिच्या कारखान्याच्या दृष्टीने भूषण असो वा नसो, गाडी बाळगणाऱ्याला ते वरदान ठरले. एका गाडीचा भाग दुसरीला बसे. इंग्लंडमधील मूळ कंपनी 1970 च्या सुमारास बंद पडली, तरी तिने जन्म दिलेली गाडी भारतात नवी निघत राहिली आणि जुनी उभी राहत राहिली.

1980 नंतरच्या दशकात चित्र पालटले. 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आर एक्स 100, 1986 मध्ये कावासाकी बजाज, अशा जपानी बनावटीच्या हलक्या गाड्या लागोपाठ आल्या. त्यांच्याबरोबर प्लास्टिकचा वापर वाढला आणि सुटे भागही सुलभ झाले. वाकणाऱ्या पत्र्याच्या जागी फुटणारे आवरण आले. घरगुती कारागिरीने त्याच्याशीही जमवून घेतले. प्लास्टिकचे दोन मुख्य प्रकार असतात आणि आवरणाच्या आतल्या अंगास त्याची इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली असतात. ए.बी.एस. असेल तर ते ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच्याच चुऱ्याची लापशी करून चीर सांधता येते. पी.पी. असेल तर ॲसिटोन निरुपयोगी ठरते, आणि तापलेल्या सोल्डरिंग लोखंडाने आतून बारीक तारेची जाळी बसवावी लागते. परंतु ही दुरुस्ती शेवटी शोभेचीच. जुन्या काळी वाकलेली वस्तू सरळ होऊन पुन्हा पहिल्यासारखी होई. फुटलेली वस्तू सांधली तरी तिचा सांधा राहतोच.

चालू शतकात या बदलाने आणखी एक वळण घेतले. 1 एप्रिल 2019 पासून 125 सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. 1 एप्रिल 2020 पासूनच्या प्रदूषणविषयक निकषांमुळे इंधनपुरवठाही मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली गेला. या सुधारणांनी असंख्य अपघात टळतील व हवा काहीशी स्वच्छ राहील, याविषयी वाद नाही. मात्र चाकाजवळ बसविलेला एक लहानसा संवेदक पडण्याच्या धक्क्याने हलला, तर तो डोळ्यांना दिसत नाही व पान्याला कळत नाही. त्याची भाषा अधिकृत यंत्रशाळेतील उपकरणालाच समजते. विम्याचे गणितही बदललेल्या वस्तूला अनुकूल नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा वजा होतो. म्हणजे जो भाग आता सर्वांत आधी फुटतो, त्याचा निम्मा भार मालकानेच सोसावयाचा.

दुरुस्तीचा अधिकार हा शब्दप्रयोग अलीकडे सार्वजनिक चर्चेत आला आहे, तो या पार्श्वभूमीवर. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये त्यासाठी एक समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने विचारासाठी घेतली, आणि 24 डिसेंबर 2022 रोजी याविषयीचे संकेतस्थळही सुरू झाले. माहितीपुस्तिका व सुटे भाग ग्राहकाला आणि स्वतंत्र कारागिराला मिळावेत, हा त्यामागील आशय आहे. ज्या देशात एके काळी दुरुस्ती ही निरुपायाने स्वीकारलेली गोष्ट होती, त्याच देशात ती हक्क म्हणून मागण्याची वेळ यावी, हा काळाचा मोठा विलक्षण फेरा होय. परंतु हक्क मिळाला तरी विवेक बाजारात मिळत नाही. तो आधीच्या पिढ्यांनी अनुभवाने मिळविला, आणि गाडी नवी झाली म्हणून तो जुना होत नाही.

त्या विवेकाचा क्रम साधा आहे. गाडी पडली, तर प्रथम माणूस पाहावा. नंतर दोन्ही ब्रेक, मग चाके मोकळी व सरळ फिरतात की नाही, मग हँडल दोन्ही अंगांना पुरते वळते की नाही, मग तेलाची व पेट्रोलची गळती, आणि सर्वांच्या शेवटी ओरखडे व पोचे. पुष्कळ माणसे हा क्रम उलटा लावतात, कारण ओरखडा डोळ्यांत भरतो आणि ढिला पडलेला ब्रेक भरत नाही. काटकसर करावयाची ती या क्रमाच्या शेवटच्या पायऱ्यांवर. पहिल्या पायऱ्यांवर केलेली काटकसर पुढे फार महाग पडते.

आणि एक वस्तू अशी आहे, की जिच्यासाठी कोणत्याही काळातील कोणत्याही कारागिराकडे उपाय नाही. हेल्मेटच्या आतील अस्तर एकच आघात सोसण्यासाठी केलेले असते. तो आघात त्याने एकदा पोटात घेतला, की ते चेपते व पुन्हा फुगत नाही, मग वरचे कवच कितीही चकचकीत दिसो. म्हणून डोक्यावर मार बसलेले हेल्मेट पुटी, रंग वा पॉलिश यांच्या हवाली न करता सरळ टाकून द्यावे, आणि मानक चिन्ह असलेले नवे घ्यावे. घरातील दुरुस्तीचा डबा कितीही भरलेला असला, तरी या एका खर्चाची तरतूद त्याच्या बाहेरच ठेवावी लागते.